ताप उतरला, थकवा राहिला : शक्तीच्या गोळ्यांचा विचार

आजारातून उठलेल्या माणसाच्या समाचारास जाणारे पाहुणे पूर्वी मोसंबी नेत असत, आता डबे नेतात. कोणी प्रथिनांची भुकटी, कोणी जीवनसत्त्वांच्या गोळ्या, कोणी जस्ताची बाटली. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु आमच्या घरी अशा डब्यांनी एक कपाट भरले व त्यापायी थोरल्या आपांच्या मूत्रपिंडांवर आले. म्हणून ट्रस्टच्या या स्मरणिकेत दोन शब्द लिहिण्याचा प्रसंग येताच आम्ही हाच विषय घेतला. आम्ही वैद्य नाही, शिक्षक आहो. वाचक बंधुभगिनींनी पुढील मजकूर औषधाची चिठ्ठी म्हणून न वाचता पाठ म्हणून वाचावा.

प्रथम दुखण्याविषयी. विषाणूचा ताप पाच-सात दिवसांत उतरतो, पण काही रोग्यांचा थकवा, सांधेदुखी, डोके जड राहणे, वाचलेले लक्षात न राहणे हे महिनोगणती रेंगाळते. ही गोष्ट नवी नाही. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळात डॉक्टर, परिचारिका व इतर कर्मचारी मिळून २९२ जण अशाच एका साथीने आजारी पडले, आणि त्यांतील कित्येकांचा अशक्तपणा दीर्घकाळ टिकला. आपल्याकडे १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस चिकनगुनियाची साथ आली. पुढे २००५-०६ मध्ये तो रोग आंध्र, कर्नाटक व महाराष्ट्र या भागांत पुन्हा फैलावला, तेव्हा ताप गेल्यावरही महिनेच्या महिने जिना चढता न येणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली. कोरोनाच्या साथीनंतर जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या रेंगाळणाऱ्या दुखण्याची व्याख्याच ठरविली : लागण झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, निदान दोन महिने टिकणारी, आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडा न होणारी लक्षणे. यातील शेवटची अट आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो. पंडुरोग, थायरॉइडचा विकार, मधुमेह, क्षय यांनीही थकवा येतो. ते आहेत की नाहीत हे तपासल्यावाचून 'हा तापानंतरचा अशक्तपणा' असे म्हणून डबा उघडणे चुकीचे होय.

आता आपांची हकीकत. मे २०२१ मध्ये त्यांना कोरोना झाला. घरीच बऱ्या झाल्या. परंतु जून सरला तरी कणीक मळताना हात गळून जात व पायांना मुंग्या येत. कोणीतरी फोनवर सांगितले, 'ड जीवनसत्त्व घ्या, शक्ती येते.' दुकानदाराने चिठ्ठीवाचून पुड्या दिल्या. प्रत्येक पुडी ६०,००० एककांची. ती आठवड्यास एक, तीही ठराविक आठवडेच घ्यावयाची असते हे कोणी सांगितले नाही. आपांनी रोज रात्री दुधातून एक घेतली. ३८ पुड्या झाल्या तेव्हा तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, आणि बोलता बोलता भान हरपणे असा प्रकार सुरू झाला. तपासणीत रक्तातील कॅल्शियम भलतेच वाढलेले निघाले व मूत्रपिंडांचे काम मंदावलेले.

येथे चौथीच्या वर्गातील गुणाकार पुरेसा आहे. प्रौढ माणसास ड जीवनसत्त्वाची रोजची गरज सुमारे ६०० एकके. म्हणजे एका पुडीत १०० दिवसांची गरज, व ३८ पुड्यांत ३,८०० दिवसांची, दहा वर्षांहून अधिक! क जीवनसत्त्व जास्त झाले तर बरेचसे लघवीवाटे निघून जाते, ड मात्र चरबीत साठून राहते व सावकाश उतरते. आपा इस्पितळातून आल्यावर आम्हांस म्हणाल्या, "अरे, तू शाळेत इतक्या मुलांना गुणाकार शिकवतोस, मग घरात का नाही केलास?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

ड जीवनसत्त्वच तेवढे घातक असे कोणी समजू नये. जस्त फार दिवस जास्त घेतल्यास शरीरातील तांबे कमी होते. ब-६ अतिरेकाने घेतल्यास हातापायांच्या नसा बधिर होतात. म्हणजे मुंग्यांसाठी घेतलेल्या गोळीनेच मुंग्या येऊ शकतात. लोहाचे तर दुहेरी आहे. कमतरता असेल तर ते अवश्य हवे. पण शरीरात दाह असताना लोहसाठा दाखविणारी फेरिटिनची तपासणी फुगलेला आकडा दाखविते, त्यामुळे केवळ एक आकडा पाहून घरी निर्णय करू नये. लोहाची गोळी चहाबरोबर घेणेही व्यर्थ, लिंबाच्या सरबताबरोबर घेतलेली बरी.

मग पूरकांचा उपयोग मुळीच नाही काय? संशोधकांनी हे तपासून पाहिले आहे. अमेरिकेत कोरोनाच्या २१४ रोग्यांवर मोठ्या मात्रेत जस्त व क जीवनसत्त्व देऊन पाहिले (२०२१). लक्षणे लवकर गेली असे दिसले नाही. डेन्मार्कमध्ये रेंगाळलेल्या दुखण्याच्या १२१ रोग्यांना कोएन्झाइम क्यू-१० सहा आठवडे दिले; नकली गोळीहून विशेष फरक पडला नाही. उलट हाँगकाँगमध्ये ४६३ रोग्यांना आतड्यातील हितकारक जंतूंचे एक मिश्रण सहा महिने दिले असता थकवा, विसराळूपणा व पोटाच्या तक्रारी यांत नकली पुडीपेक्षा अधिक उतार पडला. एवढ्यावरून बाजारातील प्रत्येक 'प्रोबायोटिक' बाटली गुणकारी ठरत नाही, कारण तपासलेले मिश्रण विशिष्ट जंतूंचे होते. वाचकांनी एक खूण मात्र ध्यानी ठेवावी. आपल्या देशात पूरकांच्या वेष्टनावर 'औषधी उपयोगासाठी नाही' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. चष्मा लावून तो वाचावा.

जेथे खरी उणीव सापडते तेथे मात्र पूरक आपले काम चोख करते. आपांच्याच बाबतीत पुढे ब-१२ कमी निघाले. आम्हांस नवल वाटले, कारण आमचे घर मांसाहारी, आणि ब-१२ तर प्राणिज अन्नातच असते. डॉक्टरांनी उलगडा केला : मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब-१२ घटू शकते. इंजेक्शने झाली आणि दोन-तीन महिन्यांत मुंग्या ओसरल्या. शाकाहारी कुटुंबांतील वडील मंडळींनी, विशेषतः दूधही थोडेच घेणाऱ्यांनी, ही तपासणी एकदा करून घ्यावी हे बरे.

राहिला अन्नाचा प्रश्न. आपल्या हैदराबादेतच राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला एका खोलीत तिचा आरंभ झाला व १९५८ मध्ये ती येथे आली. तारनाक्यावरून जाताना आपण रोज तिची पाटी पाहतो, पण तिचा सल्ला किती जणांनी वाचला असेल? तिच्या हिशेबाप्रमाणे प्रौढास दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. ६० किलोच्या माणसास सुमारे ५०. दुखण्यातून उठलेल्यास थोडी जास्त धरा. दोन ज्वारीच्या भाकऱ्यांतून सुमारे १२ ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरणातून १४, दोन पेले दूध किंवा दह्यातून १२, दोन अंड्यांतून १२ आणि मूठभर शेंगदाण्यांतून ६ मिळतात. बेरीज ५६. अंडे न खाणाऱ्यांनी त्या जागी उसळ व पनीर घ्यावे. (मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हा हिशेब डॉक्टरांना दाखविल्याखेरीज अमलात आणू नये, आपांनाही काही महिने वरण मोजूनच मिळाले.) संस्थेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांत प्रथिनांच्या भुकट्या टाळण्यासच सांगितले आहे.

अन्नाइतकीच विश्रांतीची रीत महत्त्वाची. या दुखण्यात पुष्कळांस असे होते की एक दिवस बरे वाटले म्हणून सारी कामे उरकावी, आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जावे. अशांनी बळेच व्यायाम वाढवू नये. आपांसाठी आम्ही शाळेच्या वेळापत्रकासारखे वेळापत्रक केले : वीस मिनिटे काम, मग पडणे, मग पुन्हा काम. कणीक सुनेने मळावी, पोळ्या आपांनी बसून लाटाव्या. थकवा येण्यापूर्वी थांबावयाचे, आल्यावर नव्हे. घरातील मंडळींना हे आळशीपणाचे वाटे व तसे टोमणेही होत. डॉक्टरांनी सर्वांना समोर बसवून समजावले तेव्हा ते थांबले.

कॅल्शियम खाली येण्यास कित्येक आठवडे लागले. थकवा २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत टिकला. कपाटातील डबे आपांनी स्वतः रिकामे केले. त्यांतील दोन रुंद तोंडाचे होते, त्यांत आता चिंच आणि सुक्या मिरच्या असतात.