घरातील आग : काही रूढ गैरसमज

परभणी-परळी लोहमार्गावरील पोखर्णी हे गाव तेथील नृसिंह मंदिरामुळे सर्वपरिचित आहे. भोवतालचा प्रदेश काळ्या जमिनीचा व कापसाचा. भाव येईपर्यंत वेचलेला कापूस राहत्या घरातच, पुष्कळदा स्वयंपाकघरालगतच्या खोलीत साठविण्याची रीत या भागात जुनी आहे. अशा गावी आग लागल्यास शहरातून बंब येईपर्यंत बराच वेळ जातो. घराचे भवितव्य तत्पूर्वीच्या काही मिनिटांतच ठरते. नेमक्या या मिनिटांत माणसे जे करतात, ते बहुधा ऐकीव समजुतींवर आधारलेले असते.

पाणी ओतले की कोणतीही आग विझते, ही त्यांतील सर्वांत रूढ समजूत. लाकूड किंवा कापड यांच्या बाबतीत ती खरी आहे. कढईतील तेलाने पेट घेतल्यास मात्र ती घातक ठरते. पेटलेले तेल ३०० अंशांहूनही अधिक तापलेले असते. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जाते व त्याची तत्क्षणी वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते. त्यामुळे जळते तेल छपरापर्यंत उसळते. अशा वेळी शेगडी बंद करून कढईवर परात सरकवावी आणि तेल पुरते निवेपर्यंत ती काढू नये. पेटती कढई उचलून अंगणात नेण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

कापसाची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्याच्या ढिगावर पाणी मारले की ज्वाळा दिसेनाशा होतात, आणि आग विझली असे समजून लोक घरी परततात. ठिणगी मात्र आत धुमसत राहते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरील कापसाच्या गासड्या पेटल्या. पाण्याचा मारा करूनही आग आटोक्यात आली नाही व अखेर जहाजावरील दारूगोळ्याचा स्फोट झाला. त्यात अग्निशामक दलाच्या ६६ जवानांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. घरातील ढीग लहान असला तरी कापसाचा धर्म तोच. पेटलेला ढीग बाहेर ओढून, फोडून, आतपर्यंत भिजवावा आणि त्यावर रात्रभर लक्ष ठेवावे.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर खेडोपाडी गॅस पोहोचला. गॅसचा वास आल्यास खिडकी उघडली की पुरे, असे मानले जाते. परंतु हा गॅस हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साचतो. म्हणून दारे सताड उघडावीत. दिव्याचे किंवा पंख्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये, कारण दोन्ही वेळी ठिणगी पडू शकते. रेग्युलेटर बंद करून सर्वांनी बाहेर पडावे व १९०६ या क्रमांकावर कळवावे.

अंगावरचे कपडे पेटल्यास धावत सुटणे स्वाभाविक वाटते. पण धावल्याने ज्वाळांना वारा मिळतो. जमिनीवर लोळावे किंवा जाड घोंगडी लपेटावी. लोकर सहजी पेट घेत नाही. नायलॉनची चादर वितळून कातडीला चिकटते. भाजलेल्या जागी शाई, हळद वा दंतमंजन लावण्याची प्रथा सुशिक्षित घरांतही आढळते. त्याने उष्णता आतच कोंडते आणि डॉक्टरांना जखमेची खोली कळत नाही. साधे गार पाणी वीस मिनिटे सोडावे व स्वच्छ कापड झाकून रुग्णास दवाखान्यात न्यावे. बर्फही लावू नये.

राज्याचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याचा मुख्य रोख उंच इमारती व सार्वजनिक वापराच्या वास्तूंकडे आहे. खेड्यातील घराची तपासणी करण्यास कोणी निरीक्षक येत नाही. कापसाची खोली चुलीपासून दूर असावी, हे ग्रामसभेत सांगण्याची वेळ वेचणीपूर्वीची. एकदा खोली भरली की ती रिकामी करण्यास कोणीही राजी होत नाही.