घाटवाटेवरील घाम

कोकणातल्या वैशाखरे गावाच्या बाजूने नाणेघाट चढू लागलेल्या माणसाला फाल्गुन सरल्यानंतरच्या दिवसांत पहिल्या अर्ध्या तासातच घामाची जी आंघोळ घडते, तिचे कारण उन्हापेक्षाही पायथ्याच्या रानात कोंडून राहिलेली दमट हवा हे असते. चढणीवर स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा उंची गाठण्याच्या कामी येतो; उरलेली सारी उष्णता होऊन देहात साठू लागते, आणि शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राखावयाचे तर तिला बाहेर काढण्याची तजवीज करणे भाग पडते. बाहेरची हवाच त्वचेइतकी तापली म्हणजे ही तजवीज सर्वस्वी घामाकडे येते. त्वचेतील वीस लाखांहून अधिक स्वेदग्रंथी तेव्हा कामाला लागतात.

परंतु घाम नुसता आल्याने अंग थंड होत नाही, तो वाळल्याने होते. पाझरणाऱ्या माठातील पाणी ज्या न्यायाने निवते तोच न्याय येथे लागू आहे. एक लिटर घाम त्वचेवरून वाफ होऊन गेला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि तोच कपाळावरून ओघळून दगडावर ठिबकला तर पाणी व मीठ मात्र वाया जाते, उष्णता जागच्या जागी राहते. दमट हवेत घाम वाळण्यापेक्षा ओघळतोच अधिक. कोकणच्या अंगाने चढणारी वाट देशावरील तितक्याच चढाच्या वाटेहून थकविणारी का, याचे मर्म मला यातच दिसते.

म्हणून उन्हाळ्यात घाटवाटेचा बेत करणाऱ्याने पहाटे निघावे आणि ऊन डोक्यावर येण्यापूर्वी माथा गाठावा. घाम ओघळू लागला की चाल मंद करावी, आणि विसावा दाट झाडीत न घेता वारा लागेल अशा सावलीच्या जागी घ्यावा. कपडे सैल, पातळ व फिक्या रंगाचे असावेत. वातानुकूलित कचेरीत दिवस काढणाऱ्यांनी मोसमाच्या आरंभी लहान वाटाच निवडाव्यात. उष्म्यात रोज थोडे श्रम केले असता दहा दिवस ते दोन आठवड्यांत देह सरावतो, घाम लवकर सुटू लागतो, अधिक येतो, आणि त्यातून क्षार मात्र कमी जातात. हा सराव ज्याला नाही, त्याने सरावलेल्या सोबत्याशी बरोबरी करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

पाण्याचा हिशेब ताशी अर्धा ते पाऊण लिटर असा धरावा व ते घोटाघोटाने प्यावे. माथ्यालगत सातवाहनकालीन लेण्याजवळ टाकी आहेत. तथापि त्यांच्या भरवशावर निघू नये, गावातच भरून घ्यावे. दीर्घ चालीत केवळ साधे पाणी भरमसाट पीत राहिल्याने रक्तातील सोडियम उतरते, डोके दुखते, मळमळते आणि प्रकरण जिवावरही बेतू शकते. सबब लिंबू-मीठ-साखरेचे सरबत, मिठाचे ताक, कोकमाचे सरबत किंवा खारे दाणे सोबत असावेत. अतिसारावर दिली जाणारी जलसंजीवनीची पुडी शिदोरीत टाकावी, पण ती पुडीवर छापलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावी.

माथ्यावर पोहोचताच खिंडीतला वारा भिजलेल्या अंगाला झोंबतो. उन्हाळ्यात तो सुखद वाटतो. पावसाळ्यात किंवा हिवाळ्याच्या संध्याकाळी मात्र ओला सुती सदरा देहातील ऊब भराभर ओढून घेतो. तेव्हा कोरडा सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यावा आणि बसण्यापूर्वी बदलावा.

सोबत्यांकडे लक्ष ठेवणे हा या बंदोबस्ताचा सर्वांत मोलाचा भाग होय. कोणी असंबद्ध बोलू लागला, पावले अडखळू लागली, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. त्वचा कोरडी पडण्याची वाट पाहू नये, कारण श्रमाने आलेल्या उष्माघातात ती घामाने चिंब असू शकते. त्यास ताबडतोब सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, असेल नसेल ते पाणी अंगावर ओतून सतत वारा घालावा, आणि शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये. एकाने १०८ वर कळवावे, परंतु अंग निवविण्याचे काम मदत येईपर्यंत थांबवू नये.