क्रँक सेन्सर बदलायचा आहे? आधी हिशेब मांडा

सायखेड्याच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव उरकून घरी निघालात आणि गाडी चालता चालता बंद पडली. सेल्फ फिरतो, पण इंजिन उचलत नाही. अर्ध्या तासाने बॉनेट गार झालं की तीच गाडी एका झटक्यात सुरू होते. कॉमन रेल डिझेल गाडीत हा प्रकार वारंवार होऊ लागला की पहिला संशय क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरवर घ्यावा. गॅरेजमध्ये त्याला नुसतं क्रँक सेन्सर म्हणतात.

मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या. त्याआधी घेतलेल्या स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा आणि जुन्या बोलेरो, स्कॉर्पिओ निफाड तालुक्यात अजून रोज राबतात. त्यांची वॉरंटी संपली आहे, म्हणजे प्रत्येक दुरुस्ती खिशातून. म्हणूनच हे काम घरी करायचं की गॅरेजला द्यायचं, याचा निर्णय पाना हातात घेण्याआधी व्हायला हवा.

हा सेन्सर करतो काय?

क्रँकशाफ्टबरोबर एक दातेरी चाक फिरतं. बऱ्याच इंजिनांत त्यावर ६० दात्यांची जागा असते आणि त्यातले २ दाते मुद्दाम गाळलेले असतात. दात्यांपासून जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर बसलेला सेन्सर त्यांची मोजणी करतो. गाळलेली जागा आली की पिस्टन कुठे आहे हे इंजिनच्या कंप्युटरला कळतं आणि त्यानुसार तो डिझेल सोडतो. ही खूण मिळाली नाही तर तो डिझेल सोडतच नाही. टाकी भरलेली, बॅटरी ठणठणीत, तरी गाडी जागची हलत नाही ती यामुळे.

गरम झाल्यावरच गाडी बंद पडते, यालाही कारण आहे. सेन्सरमधल्या बारीक तारेला तडा गेला असेल तर उष्णतेने जोड सुटतो आणि गार झालं की पुन्हा जुळतो.

निदानात चुकलात तर सगळ्यात महाग पडतं

अशा गाडीची आधी बॅटरी बदलली जाते, मग डिझेल फिल्टर, मग इंजेक्टर काढून तपासायला जातात. सेन्सरच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे गेल्यावर मूळ दोष सापडतो. म्हणून पहिला खर्च तपासणीवर करा.

स्कॅनर लावल्यावर पी ०३३५ किंवा पी ०३३६ हा कोड निघाला तर दोष क्रँक सेन्सरच्या मार्गात आहे. मार्गात म्हणजे सेन्सर, त्याची वायर, कपलर आणि दातेरी चाक यांपैकी कुठेही. कोड निघाला म्हणून सेन्सरच गेला असं नाही. पी ०३४० निघाला तर तो कॅम सेन्सरचा आहे, त्याची जागा वेगळी.

खात्रीची आणखी एक परीक्षा आहे. स्कॅनरवर आरपीएमचा आकडा उघडा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. सेल्फवर इंजिन साधारण २०० ते ३०० आरपीएमने फिरतं. ते फिरत असूनही आकडा शून्यावरून हलत नसेल तर संशय पक्का होतो.

आता वायर पाहा. गाडी कांद्याच्या चाळीशेजारी किंवा धान्याच्या खोलीजवळ उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडल्याची शक्यता मोठी. गोदाकाठच्या गाड्यांची आणखी एक अडचण आहे. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सायखेडा आणि चांदोरीत पुराचं पाणी शिरलं होतं. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीच्या कपलरमधल्या पिना आतून हिरव्या पडतात आणि तो गंज पुढे कित्येक महिने त्रास देतो. जुनी गाडी विकत घेतली असेल तर पुराची चौकशी जरूर करा. कपलर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केल्यावर गाडी सुधारली, तर खर्च फक्त स्प्रेच्या डब्याचा.

खर्चाचं गणित

खालचे आकडे ढोबळ आहेत. मॉडेल आणि कंपनीनुसार ते बदलतात, म्हणून गाडीचा चासी नंबर सांगून दुकानात आधी फोनवर भाव विचारा.

- गॅरेजमध्ये स्कॅनिंग : ३०० ते ८०० रुपये
- चांगल्या कंपनीचा सेन्सर : ८०० ते २,५०० रुपये
- गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला सेन्सर : १,२०० ते ३,००० रुपये
- गावातल्या गॅरेजची मजुरी : ४०० ते १,००० रुपये
- अधिकृत सर्व्हिस सेंटरची तपासणी आणि मजुरी : १,००० ते २,५०० रुपये
- नाशिकपर्यंत टोइंग : १,५०० ते ३,००० रुपये
- मोबाइलला जोडायचा ब्लूटूथ स्कॅनर : ५०० ते १,५०० रुपये
- मल्टिमीटर : ३०० ते ८०० रुपये
- सॉकेट, रॅचेट, एक्स्टेंशनचा संच : १,००० ते २,५०० रुपये
- जॅक स्टँडची जोडी : १,५०० ते ३,००० रुपये

गावातल्या गॅरेजमध्ये काम साधारण १,५०० ते ४,३०० रुपयांत होतं. गाडी टोइंग करून अधिकृत सेंटरला नेली तर ३,७०० ते ८,५०० रुपये. घरी केलं आणि हत्यारं आधीपासून असतील तर फक्त सेन्सरचे पैसे. पण सगळी हत्यारं नव्याने घ्यायची असतील तर हाच आकडा ४,१०० ते १०,३०० रुपयांवर जातो.

म्हणजे एकाच कामासाठी हत्यारं विकत घेणं परवडत नाही. भावकीतल्या किंवा गल्लीतल्या चार घरांनी मिळून स्कॅनर आणि जॅक स्टँड घेतले तर पहिल्या दोन-तीन कामांतच पैसे वसूल होतात. मोटारपंप आणि फवारणीचा ब्लोअर एकमेकांना देणाऱ्या गावाला हे जड नाही.

बिल पाहताना एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. आधी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता. बिलात जुना दर दिसला तर तिथेच विचारा.

स्वस्तातला बिननावाचा सेन्सर घेऊ नका. त्याच्या लांबीत किंवा चुंबकात थोडा फरक असला तरी दात्यापासूनचं अंतर बिघडतं, आणि अवघड जागेतलं तेच काम पुन्हा करावं लागतं.

घरी करायचं ठरलं तर

काही इंजिनांत हा सेन्सर पुलीजवळ असतो, काहींत गिअरबॉक्स जिथे जुळतो तिथे, स्टार्टरच्या आसपास. दोन्हीकडे हात जेमतेम शिरतो. आपल्या मॉडेलमध्ये तो कुठे आहे हे सर्व्हिस मॅन्युअलमधून आधी पक्कं करा.

१. आदल्या रात्री सेन्सरच्या बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. काम गार इंजिनवरच करा.

२. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्या, मागच्या चाकांना दगड लावा आणि जॅक स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली एक मिनिटही जाऊ नका.

३. खालचं कव्हर काढा. मोबाइलचा कॅमेरा आत घालून कपलरची दिशा आणि वायरची वाट यांचे फोटो काढून ठेवा.

४. सेन्सरभोवतीची माती ब्रशने झाडा, नाहीतर ती भोकातून आत जाते. कपलरची कडी दाबून तो सोडवा, वायर ओढू नका.

५. बोल्ट बहुधा १० नंबरच्या सॉकेटचा असतो. लांब एक्स्टेंशन आणि युनिव्हर्सल जॉइंट लावला की वाकड्या वाटेने पोहोचता येतं.

६. सेन्सर डावी-उजवीकडे फिरवत सैल करा आणि सरळ ओढा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटला तर प्लॅस्टिक तुटून टोक आत राहतं. तसं झालं तर ठोकाठोकी न करता मेकॅनिकला बोलवा.

७. टोकाला लोखंडाचा कीस चिकटलाय का पाहा, कारण त्यात चुंबक असतं. कीस जास्त असेल तर नुसतं पुसून, बसवून एकदा गाडी चालवून पाहा. कधी कधी दोष एवढाच असतो.

८. नवा सेन्सर जुन्याशेजारी धरून लांबी आणि पिना जुळवा. ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा आणि सेन्सर हाताने पूर्ण बसवा. सॉकेटमध्ये थोडं ग्रीस लावलं की बोल्ट त्यात चिकटून राहतो, अरुंद जागेत पडत नाही. पहिले आटे हातानेच लावा. हा बोल्ट लहान असतो, फार आवळला की आटे जातात.

९. वायर जुन्याच क्लिपांत, सायलेन्सरच्या पाइपापासून लांब अडकवा. बॅटरी जोडा, कोड पुसा. गाडी पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, बंद करा आणि लगेच पुन्हा सुरू करा. गरम इंजिनवर ती उचलली, तरच काम झालं असं समजा. काही मॉडेलना नव्या सेन्सरची ओळख स्कॅनरमधून करून द्यावी लागते.

मल्टिमीटर वापरताना एक काळजी घ्या. सेन्सर दोन प्रकारचे असतात. तारेच्या वेटोळ्याच्या सेन्सरचा रेझिस्टन्स मोजता येतो. हॉल प्रकारचा तसा मोजायचा नाही, तिथे फक्त कपलरवर सप्लाय येतोय का ते पाहायचं.

इथे हात घालू नका

गाडी वॉरंटीत असेल तर सेंटरलाच न्या. रेल प्रेशर सेन्सर आणि इंजेक्टरचे पाइप यांना घरी हात लावू नका. त्या रेलमध्ये १,६०० बार किंवा त्याहून जास्त दाब असतो आणि बारीक फटीतून उडालेलं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांच्या सायलेन्सरमधले तापमानाचे सेन्सर आट्यांत घट्ट बसलेले असतात. ते तुटले तर खर्च अनेक पट होतो.

गॅरेजला दिलं तर

कामाआधी खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि निघालेल्या कोडचा फोटो मागा. जुना सेन्सर परत घ्या, पक्क्या बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे ५ लाख रुपयांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही.

द्राक्षाच्या हंगामात गाडी दोन दिवस उभी राहणं शेतकऱ्याला सेन्सरच्या किमतीहून महाग पडतं. म्हणून पहिल्यांदा बंद पडून पुन्हा सुरू झाली, त्याच दिवशी स्कॅन करून घ्या. गाडी स्वतःच्या पायांनी गॅरेजपर्यंत जाते तोवर टोइंगचे पैसे तरी वाचतात.