नीलपंखाखालची तार

वसमत,
ऑक्टोबर अखेर

चि. सोनूस,


तू पाठवलेलं नीलपंखाचं चित्र पाहिलं. हात बसलाय तुझा. इंटरमीजिएटला ‘अ’ श्रेणी उगाच मिळालेली नाही. पण खरं सांगू का, चित्रात मला पक्षी कमी आणि फोटो जास्त दिसला. मागचं सगळं हिरवं धूसर, डोळ्यात टपोरा पांढरा ठिपका आणि एकेक पीस मोजून काढलेलं. ते धूसर हिरवं तू कधी पाहिलेलं नाहीस, ते कॅमेऱ्याच्या भिंगाने केलेलं आहे. हिंगोली-औंढा रस्त्याला नीलपंख दिसतो तो विजेच्या तारेवर. खाली सोयाबीन निघालेलं काळं रान, शेजारी उभी तूर. तो तारेवर बसतो, कारण तिथून त्याला जमिनीवरचा नाकतोडा दिसतो. तू तार पुसलीस आणि त्याचं बसणंच बिनकामाचं झालं. शिवाय बसलेला नीलपंख बराचसा मातकट वाटतो. त्याची खरी निळाई उघडते ती तो खाली झेपावतो तेव्हा. फोटोवाल्याला ती झेप सापडली नसेल, म्हणून तुझ्या चित्रातही ती नाही.

तेव्हा निदान वर्षभर फोटोवरून पक्षी काढू नकोस. बांधावर बस आणि टिटवीपासून सुरुवात कर. लोक तिला अशुभ म्हणतात, रात्री ओरडली की म्हातारी माणसं कपाळाला आठ्या घालतात. पण नवशिक्यासाठी तिच्याइतका सोयीचा पक्षी नाही. चार पावलं पळते, थबकते, वाकून टिपते, मान ताठ करते, पुन्हा पळते. म्हणजे त्याच त्या ठेवणी ती परत परत देते. एकाच कागदावर पाच-सहा आकृत्या एकदम चालू ठेव. ती वाकली की वाकलेली काढायला घे. सरळ झाली की ते अर्धं सोडून दुसरीकडे जा. पुन्हा वाकली की पहिल्या आकृतीकडे परत ये. अर्धं राहिलेलं मनाने भरून टाकायचं नाही. दहातल्या आठ आकृत्या बिनपायाच्या राहतील. राहू देत.

आधी अंगाचा कल धर: अंड्यासारखा एक आकार आणि तो जमिनीशी किती तिरपा आहे ते. मग डोकं कुठे येतं, आणि पाय अंगाखाली नेमके कुठून निघतात. पाय थोडे मागे पडले तरी कागदावरची टिटवी तोंडावर आपटते. पक्ष्याचा गुडघा उलटा वाकतो असं तुला वाटतं ना? तो गुडघा नव्हेच, घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. हे एकदा डोक्यात बसलं की बगळा, करकोचा, शेकाट्या सगळ्यांचे पाय सुधारतात. डोळ्यापुढचा लाल मांसल पडदा आणि मानेवरचा काळा पट्टा सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. तिने उंचावर घातली तर पाऊस जास्त, असं आपल्याकडे म्हणतात, ते खरंखोटं असो. ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की वही मिटायची आणि मागे फिरायचं. तू तिथे उभी राहिलीस तर ती अंड्यांवर येणार नाही, आणि उन्हात ती भाजून निघतील. घरट्यापाशी बसून काढलेलं चित्र मला दाखवू नकोस. सुगरणीचे खोपे हवे असतील तर विहिरीवरच्या बाभळीला लटकलेले आता बहुतेक रिकामे आहेत. ते खुशाल काढ.

रंगाचं थोडं सांगतो. बगळा काढताना नळीतला पांढरा वापरायचा नाही. उन्हातली पाठ म्हणजे कोरा कागद. पोटाखालची सावली बघ, तिच्यात खालच्या पिकाचा हिरवा उतरलेला असतो. आणि पळस फुलल्यावर येणारा शिंजीर लांबून सरळ काळा दिसतो. त्याची जांभळी झाक पिसांच्या रचनेतून येते, उजेडाचा कोन बदलला की जाते. म्हणून आधी काळा आणि उजेड लागेल तेवढ्याच जागी जांभळा. पक्ष्याला मुळात कोणता रंग आहे हे पुस्तकातून कळतं. या घटकेला तो कोणता दिसतोय हे तिथे बसूनच कळतं.

पुस्तकांवर माझा राग नाही. सालिम अलींचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ १९४१ साली आलं. असल्या पुस्तकातली चित्रं ओळख पटवायला असतात, म्हणून पक्षी बहुधा एका बाजूने दिसतील असे गुमान उभे. ते काम वेगळं, तुझं वेगळं. अमेरिकेतल्या ऑड्युबॉनची ४३५ चित्रं जगभर वाखाणली जातात, पण तो पक्षी मारून, तारेने हव्या त्या ठेवणीत बांधून काढायचा. त्याच्या काळात दुसरा मार्ग फारसा नव्हता म्हणा. तुझ्यापाशी दुर्बीण आहे.

त्यापेक्षा अजिंठा बघ, आपल्याच मराठवाड्यातला. दुसऱ्या लेण्याच्या छतावर हंसांची रांग आहे. एक मान वळवून मागे पाहतोय, दुसऱ्याने पंख उचललेत, प्रत्येकाची ठेवण वेगळी. ज्याने ते काढले त्याने पाण्याकाठी किती वेळ घालवला असेल, ते छताखाली उभं राहिल्यावरच कळतं. दहावीची परीक्षा झाली की तुला नेतो.

डिसेंबरात दादाला घेऊन सिद्धेश्वर धरणावर जा. सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत. चक्रवाक काठाला दिसले तर लांबूनच बस. आधी पाणी, गाळाचा काठ आणि पलीकडची टेकडी यांच्या तीन पट्ट्या रंगवून घे. पक्षी त्या पट्ट्यांवर किती लहान येतो ते पाहून तू दचकशील. तो तेवढाच ठेव, मोठा करू नकोस. फेब्रुवारीत ज्वारी हुरड्यावर आली की भोरड्यांचे थवे उतरतील. एकेक भोरडी काढत बसू नकोस. थवा वळतो तेव्हा त्याचा जो एकच आकार होतो तो धर, आणि खाली गोफण फिरवणारा माणूसही त्याच कागदात येऊ दे. त्याच्यामुळेच थवा वळलाय.

सामानाचं म्हणशील तर साधी पाठकोरी वही, टूबी पेन्सिल आणि तुझी कॅम्लिनची पेटी पुरे. खोडरबर घरी ठेव. प्रत्येक कागदावर तारीख, वेळ, गाव आणि पक्षी काय करत होता ते एका ओळीत लिही.

५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह आहे. शाळेत प्रदर्शन लावणार आहेत, असं तुझी आई फोनवर म्हणाली. नीलपंखाचं चित्र द्यायचं तर दे, बक्षीस मिळेलही. पण त्याआधी टिटवीच्या त्या बिनपायाच्या आकृत्यांचे कागद मला टपालाने पाठव. मोबाइलवर फोटो नकोत, पेन्सिलीचा दाब त्यात कळत नाही.

आजीला नमस्कार सांग.

तुझा,
मामा