गुलालाचे चौकोन

अगं, पेनड्राइव्ह बिघडलेला नाही. फोनवर तू इतकी वैतागली होतीस की तेव्हा काही बोलले नाही, आता नीट सांगते. दुकानातून येणारे लहान पेनड्राइव्ह बहुतेक वेळा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात, आणि त्या पद्धतीत एक फाइल चार जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही, जागा कितीही मोकळी असो. तुझी फाइल साडेचार जीबीची, म्हणून तो अडून बसला. एक्सफॅट करून घेतलास तर फाइल मावेल, पण मंडळाच्या कार्यालयातला तो जुना टीव्ही एक्सफॅट वाचेलच असं नाही. तेव्हा त्याच्या मागे लागू नकोस. आपण हे बघू, की बारा मिनिटांच्या विसर्जन मिरवणुकीला साडेचार जीबी लागलेच कशाला.

तू बिटरेट ५० एमबीपीएस ठेवलास, म्हणून. फाइल केवढी होणार हे त्या एकाच आकड्यावर ठरतं. एमबीपीएस म्हणजे दर सेकंदाला किती मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट, साठ सेकंदांचं एक मिनिट. म्हणजे बिटरेटला साडेसातने गुणलंस की मिनिटाला किती एमबी लागणार ते आलं. पन्नासला ३७५ एमबी, बारा मिनिटांचे साडेचार हजार. बाराला ९० एमबी, म्हणजे अख्खा व्हिडिओ साधारण एक जीबी. आता बघ, या हिशेबात १०८०पी की ४के हे कुठे आलंच नाही. तू ४के निवडून बिटरेट आठ ठेवलास तरी फाइल आठच्याच हिशेबाची होईल, फक्त तेवढेच बिट चौपट पिक्सेलांत वाटले जातील आणि चित्र चिखल होईल. लोक रिझोल्यूशन कमी-जास्त करत बसतात आणि बिटरेटकडे बघतही नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

मग किती ठेवायचा? इथे मी तुला एक आकडा देऊन मोकळी होणार नाही, कारण तुझ्या व्हिडिओत गुलाल आहे.

हसू नकोस, खरंच सांगते. व्हिडिओ आवळून लहान करणारं एच.२६४ काय करतं बघ. पूर्ण चित्र ते अधूनमधूनच साठवतं. मधल्या फ्रेमांत फक्त बदल लिहून ठेवतं: हा तुकडा इथून तिथे सरकला, एवढं नवीन आलं, बाकी होतं तसंच. भिंतीपुढे बसून आत्या पुरणपोळी शिकवतेय, तर भिंत बदलत नाही, ओटा बदलत नाही, हात तेवढे हलतात. तिथे पाच-सहा एमबीपीएसमध्येही १०८०पी देखणं दिसतं. आणि तुझी मिरवणूक? लक्ष्मी रस्त्यावर रात्री गर्दीत उभं राहून हातात फोन धरून घेतलेली. ध्वज नाचतोय, टिपरू ढोलावर पडतंय, वरून गुलाल उधळलाय, त्याचा प्रत्येक कण वेगळ्या दिशेला उडतोय, शिवाय फोन हलतोय. आधीच्या फ्रेममधलं उचलून वापरावं असं काही उरतच नाही. बिट कमी पडले की एन्कोडर बारकावे टाकून देतो, आणि जिथे गुलालाचा ढग होता तिथे गुलाबी-लाल चौकोन दिसायला लागतात.

लालवरच ते आधी का दिसतं, तेही समजून घे. आपण जो नेहमीचा व्हिडिओ काढतो त्यात उजेड-अंधार प्रत्येक पिक्सेलचा साठवतात, पण रंग चार पिक्सेलांत मिळून एकदाच. डोळ्याला रंगातला बारकावा कमी कळतो, म्हणून एरवी हे चालून जातं. पण गडद लाल, भगवा अशा रंगांत आकार दाखवायचं कामच रंगावर येऊन पडतं, आणि तिथे आधीच माहिती कमी. ध्वजाची कड थांबवून बघ, पायऱ्या-पायऱ्या दिसतील. त्यात रात्र. अंधारात फोन आयएसओ वाढवतो, काळ्या भागात दाणे वळवळतात. ते दाणे प्रत्येक फ्रेममध्ये नवे, त्यामुळे एन्कोडर त्यांनाही मोठा बदल समजून बिट खर्च करत राहतो. म्हणजे तुझे निम्मे पैसे कचऱ्यावर चाललेत, आणि ताशा वाजवणाऱ्या मुलींच्या चेहऱ्याला उरत नाहीत.

म्हणून एक्सपोर्टच्या आधी एक काम कर. दाव्हिंची रिझॉल्व्हमध्ये नॉइज रिडक्शन आहे; ते फुकटच्या आवृत्तीत मिळत नाही, पण मोफत प्लगइन असतात, नाहीतर हँडब्रेकमध्ये डीनॉइजचा फिल्टर आहे. हलका लाव. चेहरे मेणाचे दिसायला लागले की समज जास्त झालं. जिथे फोन फार हललाय तिथे स्टॅबिलायझेशन लाव. हे दोन केलंस तर त्याच बिटरेटला चित्र स्वच्छ दिसेल. आणि बारा मिनिटांची खरंच गरज आहे का तेही बघ. पहिली दीड मिनिटं नुसतं पथक उभं आहे, ती गेली तर कुणाचं काही अडणार नाही.

आता माझं मुख्य सांगणं. अख्खा व्हिडिओ एक्सपोर्ट करून मग बघत बसू नकोस. टाइमलाइनवर सगळ्यात अवघड वीस सेकंद शोध. तुझ्याकडे ते चौकातलं आहे ना, गुलाल आणि ध्वज एकदम येतात ते. तेवढ्यालाच इन आणि आउट लाव आणि तेवढंच आठ, बारा, सोळा आणि वीस एमबीपीएसला काढ. चारही लहान फायली टीव्हीवर लाव. लॅपटॉपवर नाही, जिथे लोक बघणार तिथे. गुलाल उडतो तिथे थांबव, कट झाल्यावरची पहिली काही चित्रं बघ, मागच्या काळ्या आकाशात पट्टे आलेत का बघ. ज्या आकड्याला तुला आणि आईला पुढच्यापेक्षा फरक दिसेनासा होतो, तो तुझा आकडा. माझा अंदाज विचारशील तर १०८०पीला चौदा ते अठराच्या मध्ये येईल. पण अंदाजावर जाऊ नकोस, बघून ठरव. अवघड वीस सेकंद तरले की बाकीचं आपोआप तरतं.

बिटरेट देताना सीबीआर, म्हणजे सगळीकडे सारखा, नको; व्हीबीआर, म्हणजे गरजेप्रमाणे बदलणारा, घे. वेळ असेल तर टू-पास. लग्नघरी पंगतीला पानं किती ते विचारूनच भात लावतात ना, तसं: पहिल्या फेरीत एन्कोडर अवघड जागा कुठे आहेत ते बघून घेतो, दुसऱ्या फेरीत पथक नुसतं उभं असतं तिथले बिट वाचवून गुलालाला देतो. रिझॉल्व्हमध्ये हा आकडा केबीपीएसमध्ये मागतात, तेव्हा सोळासाठी १६००० लिही. ग्राफिक कार्डाचा एन्कोडर वापरलास तर काम झटपट होतं, पण तेवढ्याच बिटरेटला चित्र जरा कमी पडतं. घाई असेल तर वापर आणि बिट थोडे वाढव.

फ्रेम रेट टाइमलाइनचा आहे तोच ठेव. फोनने ३० घेतलंय तर ३०. सिनेमासारखं दिसावं म्हणून २४ला ओढलंस तर ढोलावरचा हात अडखळत पडेल.

एच.२६५चं विचारलं होतंस. त्याने जागा बरीच वाचते, तितक्याच दर्जाला कधीकधी निम्म्याजवळ. तुझ्या स्वतःच्या साठवणीसाठी जरूर वापर. पण मंडळाच्या जुन्या टीव्हीला यूएसबीवरून ते चालेल याची खात्री नाही, आणि तिथे दहा माणसं जमल्यावर काळा पडदा दिसला तर तुला कसं वाटेल? पेनड्राइव्हसाठी एच.२६४, ८-बिट, एमपी४, आवाज एएसी. दहा-बिट एच.२६४ चुकूनही देऊ नकोस, बहुतेक टीव्ही ते उघडत नाहीत.

आवाजावर काटकसर करू नकोस, हात जोडून सांगते. ३२० केबीपीएस आवाजाला मिनिटाला जेमतेम अडीच एमबी लागतात. ते ९६वर आणून तू काय वाचवणार? ताशाची काडी पडते तो आवाज अतिशय टोकदार असतो, आणि कमी बिटरेटला नेमकी तीच टोकं बोथट होतात, आधी एक फसफस ऐकू येते. मिरवणुकीचा व्हिडिओ लोक निम्मा कानानेच बघतात.

यूट्यूबसाठी वेगळी प्रत काढ. तू काहीही चढवलंस तरी ते स्वतः पुन्हा एन्कोड करणारच आहेत, म्हणून त्यांना हातात चांगला माल दे. त्यांचं स्वतःचं सांगणं ३० फ्रेमच्या १०८०पीला ८ एमबीपीएस आणि ४केला ३५ ते ४५ असं आहे. गुलाल असल्यामुळे १०८०पीला मी सोळा-वीस देईन. तुझं शूटिंग मुळात ४के आहे, त्यामुळे घरी वायफाय असेल तर ४केच चढव. १०८०पीवर बघणाऱ्यालाही ते सहसा जास्त स्वच्छ दिसतं. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर मात्र तो विचार सोड, १०८०पी पुरे.

आणि व्हॉट्सॲप. पथकाच्या ग्रुपवर तू बारा मिनिटं टाकणार आणि ते त्याचा चोथा करणार, हे थांबव. दोन मिनिटांचा तुकडा काप, ७२०पी, तीन एमबीपीएस, पंचेचाळीस एमबीच्या आसपास होईल. तो व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव, तसा पाठवला की व्हॉट्सॲप त्याला हात लावत नाही. पूर्ण व्हिडिओ कुणाला हवा असेल तर यूट्यूबची लिंक दे.

या सगळ्या प्रती एकमेकींपासून काढू नकोस. यूट्यूबच्या फाइलवरून व्हॉट्सॲपची, व्हॉट्सॲपच्या फाइलवरून कुणाच्या स्टेटसची असं करत गेलं की प्रत्येक वेळी थोडं थोडं गळतं आणि ते परत येत नाही. एकच मास्टर काढ: मॅक असेल तर प्रोरेस ४२२, विंडोज असेल तर डीएनएक्सएचआर एचक्यू. १०८०पीला मिनिटाला एक ते दीड जीबीच्या आसपास लागेल, लागू दे. बाकी सगळ्या प्रती त्याच मास्टरवरून हँडब्रेकमध्ये काढ. तिथे बिटरेटऐवजी आरएफ हा दर्जाचा आकडाही देता येतो. आकडा कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. १०८०पीला वीस-एकवीसपासून सुरुवात कर. साधारण सहाने वाढवलंस की फाइल निम्मी होते. मास्टर १०८०पी आहे, म्हणून ४केची यूट्यूब प्रत तेवढी थेट टाइमलाइनवरून काढ.

मास्टरबद्दल मी एवढी हट्टी का आहे सांगू? ओळखीतल्या एका पथकाकडे त्यांच्या पहिल्या वर्षाच्या मिरवणुकीची फक्त फॉरवर्ड होत होत आलेली प्रत उरली आहे. त्यांचे जुने वादक आहेत त्यात, एक आता हयात नाहीत. चेहरा ओळखू येत नाही. मूळ फायली जागा नाही म्हणून कुणीतरी पुसून टाकल्या होत्या. तुझ्या व्हिडिओतल्या मुलींना उद्या स्वतःच्या मुलांना दाखवायला चेहरे दिसायला हवेत. म्हणून मास्टर आणि फोनमधलं मूळ फुटेज, दोन्ही दोन वेगळ्या डिस्कवर ठेव, आणि दुसरी डिस्क माझ्याकडे आणून दे, मी सांभाळीन.

फायलींना 'फायनल', 'फायनल नवीन' अशी नावं देऊ नकोस. वर्ष, प्रसंग, कशासाठी, एवढं लिही: '२०२५-विसर्जन-टीव्ही', '२०२५-विसर्जन-मास्टर'.

मास्टर आज रात्री लावून झोपणार असशील तर आधी डिस्कवर वीस जीबी तरी मोकळे आहेत ना बघ, चार्जर लाव, लॅपटॉपचं स्लीप बंद कर आणि तो गादीवर ठेवू नकोस, टेबलावर ठेव, तापतो. पण त्याआधी संध्याकाळी त्या वीस सेकंदांच्या चार फायली मला पाठव. डॉक्युमेंट म्हणून.