मिरचीचे रोप : एक घरगुती धडा

(द्वितीय वर्ष, कला)

मिरचीच्या रोपासारख्या साध्या विषयावर लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु परसातल्या आमच्या दोन वाफ्यांवर घरचे वर्षाचे तिखट अवलंबून असते. गेल्या थंडीत रोप तयार करण्याचे काम मी आईकडून हट्टाने मागून घेतले आणि पार बिघडवले. त्यातून जे शिकले, ते येथे मांडत आहे.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती आपल्याकडे आली. तिच्या बियाला रुजण्यासाठी 25 ते 30 अंश सेल्सिअस ऊब मानवते. थंडीत उघड्या वाफ्यात बी रुजायला फार वेळ लागतो व पुष्कळसे कुजते. म्हणून उन्हाळी मिरचीचे रोप आम्ही घरातच करतो.

बियाण्यासाठी झाडावरच लाल झालेली निरोगी फळे निवडून सुकवावीत. बी काढताना डोळ्यांना हात लावू नये. खरा तिखटपणा बियांत नसतो. बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटतात, त्यात असतो. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओलसर फडक्यात गुंडाळावे आणि पाणी तापवायच्या चुलीपासून हातभर दूर ठेवावे. आठ-दहा दिवसांत मोड दिसतात. तळाला भोके पाडलेल्या डब्यात माती व कुजलेले शेणखत भरून मोडाचे बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे.

इथपर्यंत माझे सारे ठीक झाले. चूक पुढेच झाली. मातीखाली असेपर्यंत बियाला ऊब हवी, उजेड नसला तरी चालतो. कोंब वर आला की मात्र उजेड आणि वारा हवा, पाणी बेताचे हवे. मी डबा चुलीजवळच ठेवला आणि दोन्ही वेळा पाणी घातले. रोपे उजेडासाठी दोऱ्यासारखी लांबली. मग मातीलगतचे देठ पाणचट होऊन ती एकामागून एक आडवी पडली. ग्रंथालयातल्या शेतीच्या पुस्तकात या रोगाचे नाव सापडले : ‘मर’. ओल्या, कोंदट मातीत पिथियमसारख्या बुरशीमुळे तो होतो.

आई एवढेच म्हणाली, “तहानेनं मरायला येळ लागतो, पाण्यानं लगेच मरतं.” निम्मे बी तिने मला दिलेच नव्हते, हे तेव्हा कळले.

त्या बियाची रोपे कोंब दिसताच पूर्वेच्या खिडकीत ठेवली. वरची माती सुकल्यावरच पाणी दिले आणि दाटीतली रोपे उपटून विरळ केली. सहा आठवड्यांनी, आठवडाभर थोडे थोडे ऊन दाखवून, ती वाफ्यात लावली. मिरची महिनाभर उशिरा आली, पण तिखट विकत घ्यावे लागले नाही.

रोगाचे नाव मला पुस्तकाने सांगितले. पण पुस्तक उघडण्याआधीच आईने निम्मे बी राखून ठेवले होते. शिकणाऱ्याने दोघांचेही ऐकावे.