सीनाय पर्वताची सोपी वाट

मागे एका खेड्यातील शब्बाथ शाळेत निर्गमाचा १९ वा अध्याय चालू असता एका वृद्ध बाईंनी आम्हांस प्रश्न केला, "पाळकबाबा, मोशे ऐंशी वर्षांचा म्हातारा. तो एवढ्या डोंगरावर वरचेवर चढला-उतरला कसा?" काही तरुण हसले, परंतु प्रश्न हसण्याजोगा नव्हता. त्या अध्यायात मोशे एकदाच वर जात नाही, पुनःपुन्हा जातो व लोकांकडे परत येतो. म्हणून परंपरेने ज्यास सीनाय म्हणतात त्या पर्वताची वाट कशी आहे हे वाचकांनी समजून घ्यावे.

हा पर्वत मिसर देशातील सीनाय द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात आहे. अरब लोक त्यास जबल मूसा, म्हणजे मोशेचा डोंगर, म्हणतात. त्याची उंची २,२८५ मीटर, म्हणजे सुमारे ७,५०० फूट. आकडा ऐकून कोणी घाबरू नये. पायथ्याशी सम्राट जस्टिनियन ह्याने सहाव्या शतकात बांधविलेला मठ आहे, तोच मुळी ५,००० फुटांहून उंच आहे. आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून थोडासाच खाली म्हणा ना. प्रत्यक्ष चढण उरते ती सुमारे २,३०० फुटांची.

मठापासून दोन वाटा निघतात. एक साधूंनी दगड रचून केलेल्या पायऱ्यांची. त्या ३,७५० आहेत असे सांगतात, व त्यांस पश्चात्तापाच्या पायऱ्या असे नाव आहे. ही वाट जवळची, पण सरळ अंगावर येणारी. दुसरी उंटांची वाट. ती रुंद असून वळणे घेत हळूहळू चढते. साधारण प्रकृतीचा मनुष्य अडीच-तीन तासांत वर पोहोचतो. ज्यास चालवत नाही तो जबालिया बेदुइनांच्या उंटावर बसतो. ही वाट मिसरचा अधिपती अब्बास पाशा ह्याने करविली. त्याने जवळच्या एका डोंगरावर राजवाडाही आरंभिला होता, पण १८५४ साली तो मरण पावला व वाडा अर्धाच राहिला. वाट मात्र आजही लोकांच्या उपयोगी पडत आहे. शेवटी मात्र दोन्ही वाटा एक होतात. उंट तेथेच थांबतो, आणि उरलेल्या सुमारे ७५० पायऱ्या सर्वांस पायीच चढाव्या लागतात. बहुतेक लोक सूर्योदयासाठी रात्री निघतात. हिवाळ्यात तेथे बर्फही पडते, तेव्हा घोंगडी हवीच.

पूर्वी ही सोय नव्हती. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची ख्रिस्ती स्त्री येथे आली. वळणावळणाने चढण्याची सोय नसून भिंतीप्रमाणे सरळ चढावे लागते, असे तिने आपल्या प्रवासवृत्तात लिहून ठेवले आहे. तरी पहाटे निघून ती सुमारे दहा वाजता माथ्यावर पोहोचली.

येथे उपदेशक बंधूंस एक गोष्ट सांगणे आम्हांस अवश्य वाटते. ह्याच पायऱ्यांनी मोशे चढला असे वर्गात सांगू नये. त्या त्याच्यानंतर पुष्कळ शतकांनी झाल्या. हाच तो पर्वत, हेही शास्त्रात कोठे दाखवून दिलेले नाही. ती चौथ्या शतकापासून चालत आलेली परंपरा आहे, आणि विद्वानांनी दुसरेही डोंगर सुचविले आहेत. तसेच अवघड वाटेने गेल्यास अधिक पुण्य लागते अशी कित्येकांची समजूत असते, तिला आम्हांस शास्त्रात आधार सापडत नाही. म्हणून ज्यांनी पाठीवर दगड वाहिले त्या साधूंची थट्टाही करू नये.

त्या बाईंस आम्ही निर्गमाच्या ३ ऱ्या अध्यायाचा आरंभ दाखविला. मोशे आपल्या सासऱ्याची मेंढरे घेऊन होरेबापर्यंत येत असे. तो डोंगर त्यास परका नव्हता. बाईंनी स्वतः शेळ्या राखलेल्या. त्यांनी मान डोलावली व लागलीच विचारले, "आणि वर पाणी होते काय?" माथ्याच्या खाली एलीयाच्या नावाचे एक खोरे असून तेथे विहीर व जुनी सुरूची झाडे आहेत असे आम्ही सांगितले. मग त्यांच्या नातवास ३४ व्या अध्यायाचे २८ वे वचन काढून मोठ्याने वाचावयास लाविले.